सातपुड्यातील वाटा व त्यांची नावे : अक्राणी-तोरणमाळ प्रदेशाच्या 'शोधा'चा इतिहास

१

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा ह्या गावाचे नाव महाराष्ट्रात अन्यत्रही आढळते. जळगाव जिल्ह्याच्या चोपडे तालुक्यात एक धानोरा आहे. गडचिरोली जिल्ह्यात तर त्या नावाचा तालुकाच आहे. 'धान' ह्या शब्दाशी संबंध असलेले हे नाव शेतीच्या मुलखात पुन्हा पुन्हा भेटावे, ह्यात नवल नाही. गाव पिकावरून ओळखावे, ही मैदानी वस्तीची आणि तिच्याकडून सारा गोळा करणाऱ्या दप्तराची रीत होय. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तोरणमाळच्या आसपास, लेगापाणी, केलापाणी अशी गावे आहेत. तेथे नावात पीक नाही, पाणी आहे. डोंगर चढून जाणाऱ्यास पुढचे पाणी कोठे लागेल हे प्रथम ठाऊक असावे लागते. गावाच्या नावात ते ज्ञान साठविलेले दिसते.

धानोरा आणि लेगापाणी ह्या दोन नावांतील हे अंतर केवळ स्थलनामांपुरते नाही. सातपुडा पर्वताची ओळख दोन प्रकारच्या लोकांनी दोन प्रकारे करून घेतली. मैदानातून त्याच्याकडे पाहणाऱ्यांना तो एक तट वाटला. त्यात राहणाऱ्यांना तो एकमेकांस जोडलेल्या दऱ्यांचा, खिंडींचा व माळांचा एक सलग प्रदेश म्हणून ठाऊक होता. पहिली ओळख ग्रंथांत, नकाशांत व दप्तरांत उतरली आणि इतिहासात तिलाच 'शोध' असे नाव मिळाले. दुसरी ओळख बोलीत, यात्रांत व पायवाटांत राहिली. ह्या दोन ओळखींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ विद्येचा नाही. आज त्यावर माणसांचे हक्क अवलंबून आहेत, हे पुढे दिसून येईल.

'सातपुडा' हे नावच ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. सात पुडांचा, म्हणजे सात पदरांचा वा घड्यांचा, असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. सात ही संख्या अक्षरशः घेण्याचे कारण नाही. परंतु डोंगराच्या मागे डोंगर अशा घड्या कोणास दिसतात? तापीच्या काठी उभे राहून उत्तरेकडे पाहणाऱ्यास. घडीच्या आत जो राहतो, त्याच्यापुढे उतार, ओढा, खिंड आणि पलीकडची वस्ती असते. तोरणमाळकडे चढणाऱ्या घाटास 'सात पायरी' म्हणतात. येथेही संख्या सातच आहे. पण ती पाहणाऱ्याची नसून चढणाऱ्याची आहे.

२

प्रदेशाची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दक्षिणेस तापी व उत्तरेस नर्मदा ह्या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मध्ये सातपुडा पसरला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील त्याचा मुख्य भाग अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा ह्या तालुक्यांत येतो. शहादे व तळोदे ह्या तालुक्यांच्या उत्तर सीमेवर त्याचे पायथे आहेत. येथे एकच एक सरळ कणा नाही. डोंगरांच्या रांगा, त्यांच्यामधील खोलगट दऱ्या आणि मधूनमधून उंच माळ अशी गुंतागुंतीची रचना आहे. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून अधिक उंच आहे, तर अस्तंबा शिखर तेराशे मीटरांहून अधिक उंचीचे आहे. दक्षिण उतारावरील गोमाई प्रकाशे येथे तापीस मिळते. उत्तर उतारावरील उदई धडगावच्या बाजूने नर्मदेकडे जाते. म्हणजे एका रांगेच्या दोन अंगांचे पाणी दोन निराळ्या नद्यांना जाते. पाणी दुभंगत असले तरी माणसांची ये-जा मात्र त्या माथ्यावरूनच चालत आली आहे.

हे दळणवळण किती जुने आहे, ह्याचा पुरावा प्रकाशे येथेच मिळाला. बी. के. थापर ह्यांनी १९५५ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर उघडकीस आले. त्या थरांत माळवा पद्धतीची चित्रित भांडी आणि नंतरच्या काळातील जोर्वे पद्धतीची भांडी आढळली. माळवा पद्धतीच्या भांड्यांचे मुख्य क्षेत्र नर्मदेच्या खोऱ्यात व त्याच्या उत्तरेस आहे. जोर्वे हे नाव अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील गावावरून पडले आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात तापीकाठच्या ह्या वस्तीचे उत्तरेशी व दक्षिणेशी असे दोन्हीकडे संबंध होते. ते नेमके कोणत्या खिंडीने चालत, हे मडक्यांच्या खापरांवरून सांगता येत नाही. परंतु सातपुडा हा त्या काळीही अभेद्य तट नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

३

मध्ययुगीन लेखी साधनांत मात्र हा पर्वत बहुधा बाजूलाच राहतो. खानदेशातील फारुकी सत्ता थाळनेर व बऱ्हाणपूर ह्या तापीकाठच्या ठाण्यांवर उभी होती. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगल साम्राज्यात गेला. 'आईन-इ-अकबरी'त नंदुरबारचा सरकार माळवा सुभ्यात दाखविलेला आहे. तापीच्या दक्षिणेकडील नंदुरबार नर्मदेपलीकडील माळव्याच्या हिशेबात धरले जावे, ही गोष्ट सूचक आहे. मधला पर्वत दोन्ही बाजूंना जोडणारा आहे, हे कारभाराच्या पातळीवर जणू गृहीत होते. तरीही त्या पर्वतातील वस्तीविषयी ही साधने फारसे बोलत नाहीत.

युरोपीय प्रवाशांचीही हीच स्थिती होती. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोठा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून जाई. इंग्रज प्रवासी पीटर मंडी १६३० मध्ये ह्या मार्गाने गेला. त्या वर्षी सुरू झालेल्या भीषण दुष्काळाचे त्याने केलेले वर्णन इतिहासकारांस परिचित आहे. अशा प्रवाशांना रस्त्याची सुरक्षितता, पाणी, चारा आणि चोरांचे भय ह्यांचीच काळजी अधिक. डोंगर त्यांना क्षितिजावर दिसे, आणि तेथून उतरणारी माणसे केवळ धोका म्हणून भेटत. पर्वताविषयीचे बाह्य ज्ञान असे मैदानातील रस्त्याच्या गरजेतून घडत गेले.

ह्याच गरजेने एक शब्दही रूढ केला. गुजरात व खानदेशच्या सरहद्दीवरील महसुली व्यवहारात 'रास्ती' व 'मेवासी' किंवा 'मेहवासी' अशी गावांची विभागणी असे. रास्ती गावे मुकाट्याने सारा देत. मेवासी गावांकडून तो बहुधा फौज नेऊन वसूल करावा लागे. पुढे काठी, नाला, चिखली, सिंगपूर, नवलपूर, गव्हाळी इत्यादी संस्थानिकांच्या मुलखास 'मेहवास' हेच नाव मिळाले. ज्या शब्दाचा मूळ रोख वसुलीच्या अडचणीवर होता, तो असा भूगोलाचे नाव होऊन बसला. मैदानातून दिलेल्या नावांचे हे आणखी एक उदाहरण होय.

४

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत होऊन खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यांच्याकडे तेथील कारभार सोपविण्यात आला. डोंगरातील भिल्ल नाईकांशी झालेला संघर्ष, त्यांना दिलेल्या नेमणुका, घाटांवरील पहारे आणि पुन्हा उठाव, असा क्रम काही वर्षे चालला. १८२५ मध्ये धोरण बदलून तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि लेफ्टनंट जेम्स आउट्रम ह्यांनी भिल्लांचीच पलटण उभारण्यास प्रारंभ केला. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे झाले. ह्या घटनेकडे सामान्यतः 'बंदोबस्ता'ची घटना म्हणून पाहिले जाते. ज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. डोंगरातील वाटा ज्यांना ठाऊक होत्या, त्यांना चाकरीत घेतल्यावाचून त्या वाटा कंपनीस खुल्या होणे शक्य नव्हते. शोध लागला तो वाटाड्यांच्या पायांनी. कागदावर मात्र अधिकाऱ्यांची नावे उमटली.

पुढील लेखन ह्याच मार्गाने गेले. भिल्ल एजंट डी. सी. ग्रॅहम ह्यांचा खानदेशातील भिल्लांविषयीचा वृत्तान्त १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पलटणीचा इतिहास ए. एच. ए. सिमकॉक्स ह्यांनी १९१२ मध्ये लिहिला. ह्या दोहोंच्या मध्ये, १८८० मध्ये, जेम्स कॅम्बेल ह्यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशविषयक बारावा खंड बाहेर पडला. माहितीच्या विपुलतेत त्याची बरोबरी करणारा ग्रंथ दुसरा नाही. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे. डोंगर व नद्या 'वर्णन' ह्या प्रकरणात, जंगल 'उत्पादना'त, भिल्ल व पावरे 'लोकसंख्ये'त, रस्ते 'व्यापारा'त, आणि तोरणमाळसारखी ठिकाणे अखेरच्या 'स्थळे' ह्या प्रकरणात वर्णानुक्रमे, अशी ही मांडणी होती. एका पावऱ्याच्या दृष्टीने जे एकच जीवन होते, म्हणजे अमुक वाटेने अमुक जंगलातून अमुक देवाकडे जाणे, ते येथे पाच ठिकाणी विखुरले गेले. माहिती जमली, पण तिच्यातील जोड निसटली.

१८७८ च्या वन कायद्याने ह्या विभागणीस कायद्याचे बळ दिले. राखीव, संरक्षित व गावजंगल असे वनांचे वर्ग ठरले. जंगलाची पुढे रेंज, बीट व कंपार्टमेंट अशी वाटणी होऊन कंपार्टमेंटांना क्रमांक मिळाले. ज्या माळाला, ओढ्याला वा टेकडीला स्थानिक नाव होते, त्याची सरकारी ओळख आता एक आकडा झाली. आकड्यात पाण्याची जागा कळत नाही व देवाचे ठिकाणही कळत नाही.

५

भाषेच्या क्षेत्रातही हेच घडले. जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली बोली व खानदेशी ह्यांचा विचार आहे. मावची, देहवाली, कोटली, पावरी, बारेल अशा बोलींची स्वतंत्र नोंद तेथे मिळते. त्या काळात अशी नोंद होणे ही मोठीच गोष्ट होय. पण नमुने जमविण्याची पद्धत लक्षात घ्यावयास हवी. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत निरनिराळ्या बोलींत उतरवून घेण्यात येई. शेतात डुकरे राखणाऱ्या त्या परदेशी तरुणाच्या कथेत घाट, खिंड वा माळ ह्यांना वाव नाही. शब्दांची यादी व लोककथा काही ठिकाणी जोडलेली असे. तथापि वाटेचे वर्णन, पाणवठ्यांची नावे, दिशा दाखविण्याची भाषा ह्यांपैकी थोडेच ह्या नमुन्यांत येऊ शकले.

शिवाय बोलींच्या सीमारेषा नकाशावर जेवढ्या स्पष्ट दिसतात, तेवढ्या त्या डोंगरात नसतात. एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना बोली थोडी बदलते. शेजारच्या दोन वस्त्यांना एकमेकांचे बोलणे समजते. दूरच्या दोन टोकांना मात्र ते अवघड वाटते. अशा सलग बोलीपट्ट्याला नावांच्या चौकटीत बसविणे सर्वेक्षकास भाग असते. त्यात दोष शोधण्याचे कारण नाही. मात्र चौकट ही सोय आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे विसरले की चूक होते. २०११ च्या जनगणनेत 'भिली/भिलोडी' ह्या एका मथळ्याखाली सुमारे १ कोटी ४ लाख भाषक मोजले गेले. पावरी बोलणारा आणि राजस्थानातील वागडी बोलणारा ह्या आकड्यात एकत्र येतात. पण अक्राणीतील दोन शेजारी पाड्यांमधला भाषिक व्यवहार त्यातून दिसत नाही.

इरावती कर्वे ह्यांचे पश्चिम खानदेशातील भिल्लांविषयीचे पाहणीपर पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष पाहणीने ह्या समाजाच्या जीवनाकडे जाण्याचा तो एक महत्त्वाचा टप्पा होय. इतिहासाच्या बाजूने सुमित गुहा ह्यांनी १९९९ च्या ग्रंथात जंगल व मैदान ह्यांचे संबंध प्राचीन काळापासून सतत चालत आल्याचे दाखवून, एकाकी 'वन्य' जमातीची कल्पना खोडून काढली. प्रकाश्याच्या खापरांनी जे सुचविले होते, त्यास ह्या विवेचनाने पुष्टी मिळते.

६

आता दुसऱ्या ओळखीकडे वळावयाचे. ती मुख्यतः नावांत आणि नेमाने केल्या जाणाऱ्या प्रवासांत सापडते.

तोरणमाळ, रोषमाळ ह्या नावांतील 'माळ' उंचावरील सपाटी दाखवितो. तोरणमाळचे पहिले पद तोरण ह्या काटेरी झुडपाशी जोडले जाते. राजबर्डी ह्या नावातील 'बर्डी' म्हणजे लहान टेकडी. 'पाणी' हे पद पूर्वीच पाहिले. म्हणजे चढ, सपाटी व पाणी ह्या तीन गोष्टी, ज्यांवाचून डोंगरातील चाल शक्य नाही, त्या स्थलनामांत ठसलेल्या आहेत. ह्यांच्याच शेजारी सिंदीदिगर हे नाव येते. 'दिगर' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ 'दुसरा'. एकाच नावाच्या दोन गावांपैकी दुसरे, असे दाखविण्यास महसुली दप्तरात तो वापरीत. सिंदी हे झाडाचे नाव आणि त्यास चिकटलेला कारकुनाचा शब्द, असा हा जोड दिसतो. डोंगराची भाषा व दप्तराची भाषा एकाच नावात अशी एकत्र नांदते.

अस्तंबा ह्या शिखराच्या नावात तिसराच प्रवाह आढळतो. हे स्थान अश्वत्थाम्याचे मानले जाते. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याच्या बाजूने हजारो यात्रेकरू पायी हे शिखर चढतात. पुराणातील नाव स्थानिक उच्चारात मिसळले की स्थानिक नावास पुराणाचा आधार मागाहून दिला गेला, हा वादाचा प्रश्न राहील. परंतु यात्रेचे कार्य स्पष्ट आहे. मैदानातील माणूस वर्षातून एकदा वाटाड्यांच्या मागे चालून डोंगर आतून पाहतो. महाशिवरात्रीस तोरणमाळला गोरखनाथाची यात्रा भरते आणि त्याच सुमारास गुजरातमधील सागबारे तालुक्यात देवमोगरा येथे याहा मोगीची यात्रा असते. तेथे नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी मोठ्या संख्येने जातात. होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार आणि काठी येथील प्रसिद्ध होळी ह्यांमुळे दूरदूरचे पाडे एकत्र येतात. ह्या सर्व ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा कागदावर ओढल्या, तर जे जाळे दिसेल तेच ह्या प्रदेशाचे रहिवाशांच्या मनातील चित्र होय. त्यात जिल्ह्याची वा राज्याची सीमा कोठेच येत नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये झाली, त्या वेळी पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातकडे गेली. देवमोगऱ्याची वाट मात्र बदलली नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. फ्रान्समधील सावॉय प्रांतात आल्प्स पर्वतातील लगतच्या दऱ्या आज 'तीन दऱ्या' ह्या नावाने बर्फावर घसरण्याच्या खेळाचा एक जोडप्रदेश म्हणून ओळखल्या जातात. मेरिबेलची उभारणी १९३८ मध्ये सुरू झाली, कूर्शव्हेलची १९४६ मध्ये. पुढे माथ्यांवरून पाळण्यांचे दोर जोडून सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या उतरणी एकत्र करण्यात आल्या. येणाऱ्या पाहुण्यास हा जोड आधुनिक यंत्राचा चमत्कार वाटतो. पण त्या माथ्यांवरून गुराखी व मेंढपाळ पूर्वीपासून जात-येत होते. 'आल्प' हा शब्दही तेथील गावकऱ्यांच्या तोंडी उंचावरील चराऊ रान ह्या अर्थी आहे. बाहेरच्या जगाने तो साऱ्या पर्वताला लावला. पर्वताचा जोड आधी पायांनी होतो, मागाहून यंत्रांनी वा नकाशांनी. फरक इतकाच की, सावॉयमध्ये त्या जोडाला बाजारात मोल आले. सातपुड्यात त्याची दखलच घेतली गेली नाही.

७

ही दखल न घेतल्याचे परिणाम विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसून आले. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. गाव बुडाले की घर व शेत किती गेले, ह्याची मोजणी होते. परंतु नर्मदेकाठची वाट ही त्या जाळ्याची सर्वांत खालची दोरी होती. अलीकडच्या व पलीकडच्या तीरांवरील सोयरिका, बाजार व देवस्थाने तिने बांधलेली होती. वाट बुडाल्याची भरपाई कोणत्याही रकान्यात बसत नाही. पाण्याने वेढलेल्या काही पाड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पुढे तरंगते दवाखाने चालवावे लागले. जेथे पायाने जाता येत होते, तेथे आता होडी लागते.

ह्याच काळात एक निराळी संधीही निर्माण झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने व २००८ च्या नियमांनी जंगलावरील दावे सिद्ध करण्यासाठी ग्रामसभेपुढे जे पुरावे मांडता येतात, त्यांत केवळ सरकारी कागद नाहीत. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन, चराऊ राने, माणसांचे व गुरांचे पाणवठे, देवाची ठिकाणे, पूर्वजांची दफनस्थाने ह्यांसही पुरावा म्हणून स्थान आहे. सव्वाशे वर्षे ज्या ज्ञानाला आकड्यांच्या मागे ढकलले गेले, ते आता कायद्यापुढे साक्ष देऊ शकते. एखाद्या ओढ्याचे नाव, एखाद्या माळाला त्या नावाने का ओळखतात ह्याची आठवण, अमुक पाण्यावर कोणत्या पाड्याची गुरे जात ही माहिती, ह्यांवर एका गावाचा सामूहिक हक्क टिकू किंवा पडू शकतो.

म्हणून स्थलनामांचा अभ्यास हा येथे व्युत्पत्तीचा खेळ राहत नाही. कंपार्टमेंटच्या क्रमांकाशेजारी त्या जागेचे पावरी वा भिल्ली नाव नोंदविणे, ते नाव उच्चाराप्रमाणे लिहिणे, ते सांगणाऱ्याच्या शब्दांत त्याचा अर्थ टिपणे, आणि ते नाव कोणत्या वाटेवर येते हे दाखविणे, हे काम भाषाशास्त्र, इतिहास व भूगोल ह्या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावयाचे आहे. नावे सांगणारी पिढी वृद्ध होत आहे. शाळेत मराठी व बाजारात अहिराणी किंवा हिंदी बोलणाऱ्या तरुणास आपल्या पाड्याभोवतालच्या प्रत्येक बर्डीचे नाव आजोबांइतके ठाऊक असेलच, असे धरून चालता येत नाही.

सातपुड्याचा शोध १८१८ नंतर लागला, हे विधान अर्धसत्य आहे. त्या वर्षानंतर तो कागदावर येऊ लागला. त्याचा मूळ शोध, पाणी कोठे आहे, खिंड कोठे आहे, माळ कोठे सुरू होतो, हा त्यात राहणाऱ्यांनी फार पूर्वी लावला होता, आणि लेगापाणी, तोरणमाळ, राजबर्डी ह्या नावांत तो नोंदवूनही ठेवला होता. धानोऱ्याच्या नावातील धान दप्तराने ओळखले; लेगापाणीतील पाणी ओळखणे अद्याप राहिले आहे.